समुद्राखाली कोणते स्टेशन लागते?

दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन ‘टाइप सात’ पाणबुडीत कप्तानाच्या खाटेसमोर, जेमतेम एक माणूस जाईल एवढ्या वाटेपलीकडे, दोन चिमुकल्या खोल्या होत्या. एकीत बिनतारी संदेशांची यंत्रे, दुसरीत पाण्यातले आवाज ऐकण्याची. दोन्हींचा कारभार बिनतारीवाल्यांकडे. किनाऱ्यावरून आलेला संदेश टिपायचा, एनिग्मा यंत्रावर तो उलगडायचा, बोट पाण्याखाली गेली की हेडफोन लावून दूरच्या जहाजाच्या पंख्याची घरघर शोधायची. यातले काहीच नसेल तेव्हा ग्रामोफोनवर तबकडी चढवायची, नाहीतर रेडिओवर एखादे स्टेशन लावून ते कर्ण्यांतून बोटभर सोडायचे. पन्नासेक माणसे, आठवडेच्या आठवडे, आंघोळ नाही, ऊन नाही. बाहेरच्या जगाचा आवाज म्हणून जे काही होते ते त्या खोलीतून यायचे.

पाणबुडीचे सिम्युलेशन खेळ हे वातावरण उभे करण्यासाठी गेली चाळीस वर्षे धडपडत आले आहेत. सिड मायरचा ‘सायलेंट सर्व्हिस’ १९८५ चा. ‘सायलेंट हंटर’ ही मालिका १९९६ मध्ये सुरू झाली. तिचा तिसरा भाग २००५ मध्ये आणि चौथा २००७ मध्ये आला, आणि हे दोन्ही बुखारेस्टच्या स्टुडिओत घडले. पोलंडमधल्या डीप वॉटर स्टुडिओचा ‘यूबोट’ २०१९ पासून खेळता येऊ लागला आणि २०२४ मध्ये पूर्ण स्वरूपात बाहेर पडला. या खेळांचे चाहते मूळ खेळावर समाधान मानत नाहीत. जहाजांचे रंग, समुद्राच्या लाटा, तोफांचे आवाज असे सगळे ते बदलत असतात. या बदलांना मॉड म्हणतात, आणि त्यांतला एक लाडका प्रकार म्हणजे खेळातल्या रेडिओवर आपली स्टेशने जोडणे.

‘सायलेंट हंटर’च्या तिसऱ्या भागात ग्रामोफोन नावाचे एक फोल्डर आहे. त्यात गाण्याची फाइल टाकली की ती बोटीवरच्या ग्रामोफोनवर वाजते. काम पाच मिनिटांचे. रेडिओचे काम मात्र पाच मिनिटांचे नाही, निदान नसावे असे माझे मत आहे. एका फोल्डरात तीस गाणी कोंबून त्याला ‘रेडिओ बर्लिन’ नाव दिले, तर ती गाण्यांची यादीच राहते. रेडिओ केंद्राला पत्ता असतो, ताकद असते, वेळापत्रक असते आणि सुरू-बंद झाल्याची तारीख असते. हे सांभाळले तर खेळणाऱ्याला स्टेशन लागते आणि हरवते, आणि त्या लागण्या-हरवण्यातून बोट कुठे आहे, किती वाजलेत, युद्ध कुठवर आले आहे हे त्याला कळू लागते.

सुरुवात खोलीपासून करावी लागते, कारण सर्वांत जास्त चूक तिथेच होते. अनेक मॉडमध्ये बोट शंभर मीटर खाली दबा धरून बसलेली असते आणि रेडिओवर गाणे चाललेले असते. हे अशक्य आहे. समुद्राचे पाणी खारट म्हणून विजेचे चांगले वाहक, आणि वाहकात रेडिओलहर शिरली की ती भराभर विरते. मीडियम वेव्हची सुमारे एक मेगाहर्ट्झची लहर घ्या. पाण्यात पाव मीटर जाईपर्यंत तिचा जोर जवळपास एक तृतीयांश उरतो, पुढच्या पाव मीटरला पुन्हा त्याचा एक तृतीयांश. वीतभर पाण्यानेच ती थकते, मीटरभर पाण्यात संपते. शॉर्ट वेव्ह तर त्याहून आधी. म्हणजे गाणी आणि बातम्या ऐकायच्या तर बोट पृष्ठभागावर हवी, निदान तिची एरियल पाण्याबाहेर हवी. टाइप सातच्या मनोऱ्यापासून नाळेकडे आणि वरामाकडे ताणलेले जाड दोर आपण चित्रांत पाहतो, त्यांचा उपयोग एरियल म्हणूनही होत असे. ते बुडाले की स्टेशन गेले.

पाण्याखाली पोचते ती फार कमी वारंवारतेची लहर. १९४३ मध्ये जर्मनीने काल्बे गावाजवळ ‘गोलियाथ’ हे प्रक्षेपण केंद्र सुरू केले. त्याची ताकद एक हजार किलोवॅट, आणि ते मुख्यतः १६.५५ किलोहर्ट्झवर चाले. या वारंवारतेची लहर एक तृतीयांशावर यायला सुमारे दोन मीटर पाणी लागते, त्यामुळे परिस्थिती अनुकूल असली तर वीसेक मीटर खाली असलेल्या बोटीलाही संदेश मिळे. पण इतक्या मंद लहरीवर माणसाचा आवाज बसत नाही, संगीत तर नाहीच. मोर्सची टिकटिक तेवढी बसते. म्हणून खेळात पेरिस्कोपच्या खोलीवर, तेरा-चौदा मीटरवर, संदेश येत राहावेत आणि गाणे बंद पडावे, हे अगदी बरोबर. युद्धानंतर रशियनांनी गोलियाथ सुटा करून नेला आणि निज्नी नोव्हगोरोदजवळ पुन्हा उभा केला. हे शास्त्र आजही बदललेले नाही. तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ ‘आयएनएस कट्टबोम्मन’ हे भारतीय नौदलाचे केंद्र १९९० पासून याच जातीच्या लहरी सोडते, आणि मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या पाणबुड्याही पाण्याखाली संदेश घेतात ते अशाच लहरींवर.

खोलीनंतर वेळ. वातावरणाच्या वरच्या भागात विद्युतभारित थर आहेत. दिवसा सूर्यामुळे त्यांतला सर्वांत खालचा थर तयार होतो आणि तो मीडियम वेव्हच्या लहरी गिळून टाकतो. सूर्य मावळला की तो थर विरतो, लहरी वरच्या थरावर आपटून परत खाली येतात आणि शेकडो मैलांवरचे स्टेशन घरात बोलू लागते. रात्री रेडिओची खुंटी फिरवताना परमुलखातली भाषा कानावर आलेली ज्यांना आठवते, त्यांना हे वेगळे सांगायला नको. पाणबुडीच्या बाबतीत हे फार सोयीचे जुळून आले होते. धोक्याच्या पाण्यात टाइप सात पाणबुडी दिवसा दडून राहायची आणि रात्री वर येऊन डिझेलवर बॅटऱ्या भरायची. म्हणजे बोट वर असण्याची वेळ आणि दूरची स्टेशने लागण्याची वेळ एकच. खेळात स्टेशनला पल्ला द्यायची सोय असेल तर रात्रीचा पल्ला दिवसाच्या कितीतरी पट द्यावा. तशी सोय नसेल तर निदान मीडियम वेव्हची स्टेशने दिवसा मुकी ठेवावीत. भर दुपारी अटलांटिकच्या मध्यावर बेलग्रेड ऐकू येणे मला खटकते.

बेलग्रेडचे नाव आले ते ओघाने नाही. जर्मनीने युगोस्लाव्हिया जिंकल्यावर १९४१ मध्ये तिथल्या केंद्रावरून सैनिकांसाठी कार्यक्रम सुरू झाले. हाताशी तबकड्या थोड्या होत्या. त्यांत लाले आंडरसनने १९३९ मध्ये गायलेले ‘लिली मार्लीन’ होते, तोवर फारसे कोणी न ऐकलेले. ते रोज रात्री ९ वाजून ५७ मिनिटांनी, कार्यक्रम संपता संपता लागू लागले आणि उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटातले दोन्ही बाजूंचे सैनिक त्या वेळी कान लावून बसू लागले. मॉड करणाऱ्याला यातून घ्यायची गोष्ट आहे ती घड्याळाची. हे गाणे यादीत टाकून दिवसातून सहा वेळा वाजवले तर त्याचा जीव जातो. रात्री ९:५७ ला एकदा वाजले की खेळणारा दुसऱ्या दिवशी त्या वेळेला बोट वर आणायचा विचार करतो. दिवसांची मोजणी करायला पाणबुडीत दुसरे होते तरी काय?

सगळ्यात कसदार स्टेशन मात्र ब्रिटिशांचे होते, आणि ते जर्मन असल्याचे सोंग करत होते. मार्च १९४३ मध्ये शॉर्ट वेव्हवर ‘डॉइचर कुर्त्सवेलनझेंडर आटलांटिक’ नावाचे केंद्र बोलू लागले. अटलांटिकमधल्या पाणबुड्यांवरचे खलाशी हे त्याचे श्रोते. चालवणारा सेफ्टन डेल्मर, बर्लिनमध्ये जन्मलेला इंग्रज पत्रकार, जर्मन भाषेवर हुकमत असलेला. नाझी सत्तेने जर्मन रेडिओवर जॅझला १९३५ मध्येच बंदी घातली होती. डेल्मरने नेमके तेच संगीत उत्तम प्रतीचे, भरपूर दिले. गाण्यांच्या मध्ये बातम्या. लंडनमध्ये जर्मन वृत्तसंस्थेचे एक हेलश्रायबर यंत्र मागे राहिले होते, त्यावर जर्मन वृत्तसंस्थेचा मजकूर थेट येत असे. त्यामुळे खऱ्या बातम्या द्यायला हे केंद्र जर्मन केंद्रांच्या बरोबरीने चाले. युद्धकैद्यांच्या जबान्या आणि पकडलेली पत्रे यांतून कोणाची कुठल्या बोटीवर बदली झाली, कोणाला मूल झाले असल्या बारीकसारीक गोष्टी कळत, आणि निवेदिका नाव घेऊन अभिनंदन करी. ‘विकी’ नावाने बोलणारी ही मुलगी म्हणजे बर्लिनहून परागंदा झालेली अभिनेत्री अॅग्नेस बर्नेल. बॉम्ब पडले की कुठल्या शहरातल्या कोणत्या रस्त्यावर पडले तेही सांगितले जाई. या सगळ्या खऱ्या मजकुरात एखादे खोटे असे बेमालूम मिसळलेले असे की ऐकणाऱ्याचा घरावरचा, वरिष्ठांवरचा विश्वास थोडा थोडा झिजावा.

त्याच वर्षाच्या अखेरीस याला मीडियम वेव्हचे भावंड मिळाले, ‘झोल्डाटेनझेंडर काले’. ते इंग्लंडमधल्या क्रोबरो इथल्या ‘अॅस्पिडिस्ट्रा’ नावाच्या प्रचंड प्रक्षेपकावरून बोले. हा प्रक्षेपक अमेरिकेत एका रेडिओ केंद्रासाठी बांधला होता, तो ब्रिटिशांनी विकत घेतला.

डेल्मरचे ‘आटलांटिक’ स्टेशन खेळात जोडताना खरी कसोटी लागते. पहिली गोष्ट तारीख. मार्च १९४३ च्या आधी ते वाजता कामा नये. त्या वर्षीच्या मे महिन्यात अटलांटिकमध्ये जर्मन पाणबुड्यांचा कणा मोडला आणि जर्मन नौदलप्रमुख डोनिट्झने त्या उत्तर अटलांटिकमधून मागे घेतल्या. खेळणारा १९४१ पासून मोहिमा करत आला असेल तर त्याच्या लक्षात येईल की रेडिओवर आजवर न ऐकलेले झकास संगीत सुरू झाले, आणि त्याच सुमाराला आपल्या बोटी घरी परतेनाशा झाल्या. कुणीही समजावून न सांगता दोन गोष्टी शेजारी येतात. मॉडमध्ये यापेक्षा जास्त काय साधायचे असते? दुसरी गोष्ट, स्टेशनला खेळात ‘ब्रिटिश’ असे नाव देऊ नये. खलाशी ज्या नावाने ते लावत त्याच नावाने ते यादीत दिसावे.

याच्या उलट टोकाचे उदाहरण म्हणजे जर्मन विजयाच्या खास घोषणा. नौदलाने जहाजे बुडवल्याची बातमी असली की तुतारी वाजे, आकडा सांगितला जाई आणि इंग्लंडवरच्या स्वारीचे गाणे लागे. १९४० मध्ये या घोषणा वरचेवर हव्यात, पुढे विरळ, आणि अखेरीस नाहीतच. यांच्या ध्वनिफिती सहज सापडतात, म्हणून मॉड करणारे त्या सढळ हाताने वापरतात आणि १९४४ मध्येही तुताऱ्या वाजत राहतात.

आता प्रत्यक्ष कामाकडे. जुने ध्वनिमुद्रण हाती आले की ते तसेच टाकायचे नसते. आज तबकड्या स्वच्छ करून, झळाळी देऊन पुन्हा काढलेल्या असतात. मीडियम वेव्हच्या रेडिओतून असा आवाज कधी आला नाही. ऑडॅसिटी हा फुकटचा प्रोग्राम पुरेसा आहे. आधी स्टिरिओचे मोनो करायचे. मग साडेचार-पाच किलोहर्ट्झच्या वरचा भाग कापायचा, झांजांचा चकचकाट जातो आणि स्वर जवळ येतो. खालचा दीडशे हर्ट्झपर्यंतचा भागही काढायचा, कारण बोटीतल्या कर्ण्याला तेवढा खर्ज पेलत नसे. सगळ्या फाइलींचा आवाज एका पातळीवर आणायचा, नाहीतर भाषण कुजबुजते आणि बँड किंचाळतो. शेवटी रात्रीच्या दूरच्या स्टेशनासाठी आवाजाची पातळी दहा-वीस सेकंदांच्या संथ लाटेत वर-खाली करायची. खऱ्या रेडिओवर स्टेशन असेच जवळ येते आणि दूर जाते. खरखर मिसळताना हात आखडता ठेवावा. बहुतेक मॉडमध्ये खरखर इतकी असते की कान विटतात. बलवान केंद्र रात्री चांगले स्वच्छ लागत असे, आणि खरखर ही पल्ल्याच्या कडेवर असलेल्या स्टेशनासाठी राखून ठेवायची चीज आहे.

फाइली तयार झाल्या की प्रत्येक स्टेशनाचे वेगळे फोल्डर करायचे. खेळाखेळात फोल्डरांची नावे आणि जोडणीच्या फाइलींची मांडणी निराळी असते, पण एक नियम सगळीकडे चालतो, तो म्हणजे मूळ फाइलला हात लावण्याआधी तिची प्रत बाजूला ठेवायची. ‘सायलेंट हंटर’वाले यासाठी जेएसजीएमई हा छोटा प्रोग्राम वापरतात. तो मॉडच्या फाइली खेळात बसवतो, मूळच्या जपून ठेवतो आणि मॉड काढला की सगळे पूर्ववत करतो. आणखी एक सूचना. फाइलींची नावे लहान आणि साध्या रोमन अक्षरांत ठेवावीत. जर्मन उच्चारचिन्हे किंवा देवनागरी नाव दिले की जुने खेळ फाइल वाचायला नकार देतात.

मजकूर कुठून मिळवायचा? याचे उत्तर वाटते त्यापेक्षा श्रीमंत आहे. वॉशिंग्टनच्या डब्ल्यूजेएसव्ही केंद्राने २१ सप्टेंबर १९३९ रोजी आपले संपूर्ण दिवसाचे प्रसारण ध्वनिमुद्रित केले, आणि ते अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जपले गेले. सकाळचे संगीत, दुपारच्या कौटुंबिक मालिका, साबणाच्या जाहिराती, बेसबॉलचा सामना, आणि त्याच दिवशी तटस्थतेच्या कायद्यावर रूझवेल्टने काँग्रेसपुढे केलेले भाषण. ज्याला रेडिओ केंद्र जोडायचे आहे त्याने हे निदान तासभर सलग ऐकावे. गाणी किती कमी आणि बोलणे किती जास्त, वेळ किती वेळा सांगितली जाते, दोन कार्यक्रमांच्या मध्ये किती सेकंद शांतता असते, हे कानाला कळते. जानेवारी १९४२ मध्ये जर्मन पाणबुड्या अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला भिडल्या तेव्हा किनाऱ्यावरचे दिवेही विझवलेले नव्हते. त्या मोहिमेत अमेरिकी केंद्रांवर युद्धाच्या बातम्यांच्या शेजारी जाहिराती आणि नाचाचे बँड वाजायलाच हवेत.

हक्कांचा प्रश्न टाळून चालत नाही. भारतात ध्वनिमुद्रणाचा स्वामित्वहक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षे टिकतो, पण अमेरिकेच्या कायद्यात १९२३ ते १९४६ मधल्या ध्वनिमुद्रणांना शंभर वर्षांचे संरक्षण आहे. ग्लेन मिलरची तबकडी घरी आपल्या संगणकावर ऐकणे वेगळे आणि मॉडमध्ये भरून जगाला वाटणे वेगळे. स्टेशनांची जोडणी, वेळापत्रक आणि गाण्यांची यादी वाटावी, गाणी ज्याची त्याने मिळवावीत, हा मार्ग मला सचोटीचा वाटतो. नाझी पक्षाची गाणी हा तर वेगळाच विषय आहे. ‘होर्स्ट वेसेल’ गीतावर जर्मनीत आजही बंदी आहे. ते वाजवले नाही म्हणून पाणबुडीचा खेळ कुठेही खोटा पडत नाही.

मराठी खेळणाऱ्याला जवळचा वाटेल असा समुद्र ‘सायलेंट हंटर चार’च्या २००८ मधल्या ‘यूबोट मिशन्स’ या जोडखेळात आहे. त्यात पेनांगच्या तळावरून जर्मन ‘मोन्सून’ गटाच्या पाणबुड्या हिंदी महासागरात उतरतात. या समुद्रावर काय ऐकू येत होते? मुंबईचे रेडिओ केंद्र १९२७ पासून चालू होते आणि १९३६ मध्ये त्या सेवेला ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळाले होते. या केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचा प्रमुख होता वॉल्टर कौफमान, नाझींच्या धास्तीने १९३४ मध्ये युरोप सोडून मुंबईला आलेला ज्यू संगीतकार. तंबोऱ्याच्या सुरावरची ऑल इंडिया रेडिओची ती परिचित धून त्याच्याच नावावर सांगितली जाते. अरबी समुद्रात वर आलेल्या जर्मन पाणबुडीच्या कर्ण्यातून पहाटे ती धून निघते, हा प्रसंग मॉडमध्ये उभा करण्यासारखा आहे.

त्याच पाण्यात उलट्या दिशेचेही आवाज होते. मुरगाव बंदरात ‘एरनफेल्स’ हे जर्मन मालवाहू जहाज १९३९ पासून आश्रयाला होते, आणि त्यावरच्या छुप्या प्रक्षेपकातून जहाजांच्या हालचाली पाणबुड्यांना कळवल्या जातात असा ब्रिटिशांचा संशय होता. गोवा पोर्तुगीज, म्हणजे तटस्थ. तरी ९ मार्च १९४३ च्या रात्री कलकत्ता लाइट हॉर्सच्या स्वयंसेवकांनी त्यावर छापा घातला आणि जहाज बुडाले. खेळात हे केंद्र संगीताचे नसेल, मोर्सचे असेल, आणि त्या रात्रीनंतर ते बंद करावे लागेल.

‘आझाद हिंद रेडिओ’ १९४२ च्या आरंभी बर्लिनहून सुरू झाला, आणि त्याच्या भाषांत मराठीही होती. सुभाषबाबू स्वतः फेब्रुवारी १९४३ मध्ये कीलहून यू-१८० या पाणबुडीने निघाले आणि एप्रिलच्या अखेरीस मादागास्करजवळ खवळलेल्या समुद्रात जपानी आय-२९ वर चढले. त्या प्रवासाची मोहीम कोणी रचली तर शॉर्ट वेव्हवर हे स्टेशन तिच्यात हक्काने असावे.

मुंबईतल्या काँग्रेस रेडिओचा मोह मात्र आवरावा लागतो. उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४२.३४ मीटरवर ते गुप्त केंद्र चालवले, पोलिसांना चुकवण्यासाठी घरे बदलत. ऑगस्ट १९४२ च्या अखेरीस ते सुरू झाले आणि १२ नोव्हेंबर १९४२ ला पकडले गेले. मोन्सून गटाच्या बोटी १९४३ मध्ये आल्या. तारखा पाळायच्या तर पेनांगच्या मोहिमेत ते वाजवता येत नाही. १९४२ च्या पावसाळ्यानंतर अरबी समुद्रात फिरणाऱ्या पाणबुडीची वेगळी मोहीम रचली, तर सुमारे सात मेगाहर्ट्झवर, रात्री थोडाच वेळ, निवेदन इंग्रजीत आणि हिंदुस्तानीत, असे अडीच महिन्यांचे केंद्र तिच्यात चोख बसते.